धुण्याचा दगड

मेंढरं वळण्यात सुग्रीवचा जन्म गेला, पण माळावरच्या हेमाडपंती महादेवाचे दगड चुन्याशिवाय एकमेकांना कसे धरून राहिले, हे कोडं काही सुटलं नव्हतं. एकदा पडक्या भिंतीवर, निखळलेल्या दगडाच्या जागी, त्याला दगडी खुंटी दिसली. बापानं कधीकाळी घरी आणलेल्या धुण्याच्या दगडाला खालून तेवढीच खाच होती.

"नेऊन बसवून बघतो," तो बायकोला म्हणाला.

"आन् बसला तर? धुणं काय तुमच्या टकुऱ्यावर आपटू?" रतनबाई भडकली. तरी दगड बैलगाडीत चढवायला तिनंच हात लावला.

खुंटी खाचेत गपकन बसली. सासूच्या आणि तिच्या धुण्यानं दगडाची वरची बाजू तकतकीत झाली होती. रतनबाईनं ती पदरानं पुसली.

"साऱ्या देवळात असला दगड न्हाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या हितंच."