वाकलेला फेलो

स्वतःची पाठ कशी जपावी यावर मी एकदा भर वर्गात व्याख्यान दिलं, आणि त्यात माझी जी शोभा झाली ती ऐकाच. चहा आधी खाली ठेवा, सांडेल.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. परळच्या एका खासगी संस्थेत मी ऑस्टिओपथी शिकत होतो, म्हणजे हातांनी सांधे आणि मणके जागेवर आणायची विद्या. आमचे वडील, नाना, तिला 'पदवीधर मालिश' म्हणत. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला टीचिंग फेलोशिप मिळायची. खालच्या वर्गाला शिकवायचं, त्या बदल्यात फी माफ. ती हुकली तर नाना मला आपल्याच ऑफिसात कारकून म्हणून चिकटवणार होते. साहेबाशी बोलूनही ठेवलं होतं. केवढा विश्वास माझ्यावर!

निवडीसाठी दळवी सरांसमोर वर्ग घ्यायचा होता. विषय माझाच: रोग्याला हाताळताना डॉक्टरने स्वतःची पाठ कशी सांभाळावी.

आदल्या दिवशी तयारी करावी म्हटलं, तर आमच्या गिरगावातल्या चाळीचे सत्याग्रही नेमके त्याच सकाळी तुरुंगातून सुटून आले. हार झाले, पेढे झाले, आणि शेजारचे बापू माझ्या दारात.

"फरशीवर झोपून कंबर धरलीय रे. बघ जरा."

"बापू, उद्या माझी निवड आहे."

"आम्ही महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेलो, आणि तुझ्याच्याने एक कंबर होत नाही?"

बापूंच्या मागे अख्खा मोर्चा उभा होता. त्यात तुरुंगाचं दारही न पाहिलेले बरेच होते. जमिनीवर सतरंजी टाकून, वाकून वाकून, मी दिवसभर महाराष्ट्राचा कणा ताठ करत बसलो. माझ्या कण्याची चौकशी कुणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणालो, "डॉक्टरने कसं वाकू नये, ते आता पाहा," आणि वाकलो. कमरेत अशी कळ आली की तिथेच अडकलो. वर येता येईना.

"वा, हुबेहूब," दळवी सर म्हणाले. "तसाच राहा. या रे, एकेकाने हात लावून बघा, स्नायू कसा दगड झालाय."

पोरं आली, दाबून गेली.

"सर, यांना घामपण फुटलाय."

"याला म्हणतात तयारी," सर म्हणाले.

मी बोललो का? छे. डोळ्यांसमोर नानांचा साहेब दिसत होता. फेलोशिप तिथल्या तिथे जाहीर झाली. मी वाकलेलाच होतो, त्यामुळे आभारही आपोआप मानले गेले.

तसाच काटकोनात घरी आलो. जिन्यावर बापू भेटले, अगदी ताठ.

"मिळाली?"

"मिळाली."

बापूंनी चाळ गोळा केली. "बघा, एवढं यश मिळवून पोरगा मान वर करत नाही. विद्या विनयेन शोभते म्हणतात ते हेच."

नानांचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. उभ्या जन्मात ते पहिल्यांदाच मला शाबासकी द्यायला पुढे आले, आणि त्यांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

त्यानंतर मी जे बोललो, त्यात विनय नव्हता आणि विद्याही नव्हती.