नारळवाला किस्सा

आमच्या मोटार शर्यतींच्या मालिकेच्या वर्धापनदिनासाठी चकचकीत कागदावर एक पुस्तिका निघणार होती आणि तिच्यातला इतिहास मी लिहायचा, असं मॅनेजरनं परस्पर ठरवून टाकलं. कारण सरळ होतं. पहिल्या मोसमापासून टिकलेला बिनपगारी माणूस आता मी एकटाच उरलो होतो. बाकीचे आखातातली नोकरी सुटून आपापल्या देशी गेले, नाहीतर कॅनडाला. मीही हरखलो, खोटं कशाला बोलू. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे उरलेसुरले वीकेंडही गेले."

आमची ही राष्ट्रीय मालिका शोरूममधून निघणाऱ्या साध्या गाड्यांची. त्यांना स्टॉक कार म्हणतात. शेजारचा माणूस जी गाडी किराणा आणायला नेतो तीच घ्यायची, मागची सीट आणि आतले गालिचे उपटून टाकायचे, लोखंडी पिंजरा बसवायचा आणि सर्किटवर पळवायची. इंजिनाला मात्र हात लावायचा नाही, हा सगळ्यात मोठा नियम. तो पाळला जातोय का हे बघणारे आम्ही तपासनीस. मोसमाच्या सुरुवातीला इंजिनाच्या दोन बोल्टांमधून बारीक पोलादी तार ओवायची, तिच्यावर शिशाचं सील दाबायचं, आपल्याकडे विजेच्या मीटरला असतं तसं, आणि सीलचा नंबर वहीत लिहायचा. तार तुटलेली दिसली तर इंजिन उघडून बघायचं. एवढं सोपं काम.

सुरुवातीची वर्षं लिहिताना मला खरंच मजा आली. तेव्हा शर्यतीत उतरणाऱ्यांत एक फिलिपिनो दात बसवणारा होता, एक लेबनीज बेकरीवाला होता, इथल्याच पोलीस खात्यातला एक हवालदार होता. माणसं शारजाहून, इंटरनॅशनल सिटीच्या वस्तीतून स्वतःची गाडी चालवत यायची, नंबरप्लेटवर कागद चिकटवायची, शर्यत करायची आणि त्याच गाडीनं घरी जायची. पहिल्या वर्षी तर एसी ठेवायचा की काढायचा यावर दोन तास सभा झाली. बेकरीवाला म्हणाला, परवा सकाळी मला याच गाडीत पोरांना शाळेत सोडायचंय. मग ठरलं, जो एसी ठेवील त्याला वजनात सूट. इतका शहाणा नियम मी त्यानंतर तिथे पाहिला नाही.

नंतर पैसेवाल्या पाहुण्यांचे तंबू आले. तंबूत थंड हवा, अत्तराचा दर्प, चॉकलेटचं कारंजं आणि अर्ध्या खाऊन टाकलेल्या कोळंब्यांच्या बशा. ज्यांना स्वतःच्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे माहीत नाही, असे लोक चॅम्पियन व्हायला लागले. बाहेर डांबरावर बसून मेकॅनिक खुबूस, म्हणजे इथली स्वस्त रोटी, डाळीत बुडवून खायचे. हे सगळं मला दिसायचं आणि तरी मी दर मोसमात तपासनिसाचा केशरी डगला चढवून हजर असायचो. आमच्या खिशाला तंबूच्या जेवणाचं कुपन असायचं. मीही त्या कोळंब्या खाल्ल्यात.

माझा पहिला मसुदा मॅनेजरनं वाचला आणि त्याचा फोन आला. "सर, बहुत अच्छा है, बट थोडा फन डालो ना. वो नारियलवाला किस्सा डालो. पूजा में सील टूट गया था, वो. लोग अभी तक हँसते हैं."

मी "ओके" म्हणालो. फोन ठेवला. तो किस्सा काय होता ते आता सांगतो, कारण तो मॅनेजरला ठाऊक आहे तसा नव्हताच.

एका मोठ्या संघाचा मेकॅनिक मिरजेकडचा होता. आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. शारजाच्या इंडस्ट्रियल भागात त्याच्या मालकाचं गॅरेज. मालकाचा धंदा बांधकामाच्या सामानाचा, आणि आमच्या तंबूचा खर्च बहुतेक तोच करायचा. त्या वर्षी मोसम दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सुरू होणार होता आणि इंजिनांना सीलं आधीच लागली होती. मिस्त्रीनं मला फोन केला. "या की साहेब, दसरा हाय. पोरीला पन घेऊन या. हितं आपलं मानूस दुसरं कोन हाय?"

तपासनिसानं कुठल्याही संघाच्या गॅरेजात पाहुणा म्हणून पाऊल टाकायचं नाही, असा नियम आहे. लेखी आहे, त्यावर माझी सही आहे. पण दसऱ्याला कोणी सोनं घ्यायला बोलावलं आणि मराठी माणूस नाही म्हणाला, असं होत नाही. निदान माझ्यानं झालं नाही. मी मुलीला घेऊन गेलो. ती तेव्हा सात वर्षांची होती.

मिस्त्रीनं गॅरेज धुऊन काढलं होतं. पाने, पकडी, जॅक सगळं पुसून चादरीवर मांडलं होतं आणि एकेकाला हळदीकुंकू लावलं होतं. रजेवरून परतलेल्या कोणीतरी आपट्याची पानं आणली होती, ती वाळून कुरकुरीत झालेली. गाडीचं बॉनेट उघडून मिस्त्री लाल दोरा बांधायला वाकला तेव्हा मीच म्हणालो, "मिस्त्री, सीलपासून लांब हां." तो हसला आणि बॉनेटखालच्या आडव्या दांडीला दोरा बांधला. सील तिथून चांगलं वीतभर अंतरावर होतं. मग तो बाहेर नारळ फोडायला गेला आणि बाकीचे त्याच्या मागे गेले. मी सवयीनं इंजिनावर वाकलो, मुलीला मोबाइलचा उजेड धरायला सांगितलं, सील दोन बोटांत फिरवून पाहिलं आणि नंबर वाचला. तार शाबूत होती. आम्ही खोबरं खाल्लं, शिरा खाल्ला आणि घरी आलो.

पहिली शर्यत त्याच गाडीनं जिंकली. तपासणीच्या शेडमध्ये बॉनेट मीच उघडलं. तार कापलेली होती. तुटलेली नाही, कापलेली. टोकं पकडीनं चिमटल्यासारखी चपटी होती आणि कोणीतरी ती पुन्हा पिळून ठेवली होती. वीतभर अंतरावर लाल दोरा होता तसा होता, गाठसुद्धा सैल झालेली नव्हती. मी रिपोर्ट लिहिला. तिथपर्यंत मी माणूस होतो.

दुसऱ्या दिवशी चौकशी कमिटी बसली. मालक आला, हात जोडून बसला आणि म्हणाला, "हबीबी, माय मेकॅनिक इज रिलिजस मॅन. पूजा किया, धागा बांधा, वायर खिंच गया. सिंपल मिस्टेक." हे सगळ्यांनाच सोयीचं होतं. अपघात ठरला की इंजिन उघडायला नको, निकाल बदलायला नको आणि तंबूही तसाच उभा. सुती दोऱ्यानं पोलादी तार कापली जाते, यावर तिथल्या चार शिकलेल्या माणसांनी मान डोलावली. मी पाचवा.

मग मिस्त्रीला आत बोलावलं. त्याचं इंग्रजी कच्चं, म्हणून तो मराठीत बोलेल आणि मी इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं. त्याला विचारलं, पूजा केलीस? हो. दोरा बांधलास? हो. मी सांगितलं. मग अध्यक्षांनी विचारलं, सील तेव्हा ठीक होतं का, कोणी पाहिलं होतं का? मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही. फक्त म्हणाला, "साहेब, आता तुमीच सांगा यांना काय ते."

मला सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं: मी तिथे होतो आणि तार शाबूत होती. ते बोलताच माझा डगला जाणार होता, कारण मी त्या गॅरेजात शिरा खाऊन आलो होतो. नोकरी जाणार नव्हती, पगार नाही, व्हिसा नाही. एक फुकटचा केशरी डगला आणि जेवणाचं कुपन. मी अध्यक्षांकडे वळून इंग्रजीत म्हणालो, "त्याला आणखी काही सांगायचं नाही."

मालकाला ताकीद मिळाली, गुण तसेच राहिले आणि मोसमाच्या शेवटी कप त्यालाच गेला. मिस्त्रीचा व्हिसा रद्द करून आठवड्याभरात त्याला परत पाठवलं. दोषी माणूस काढून टाकला म्हणून कमिटीनं मालकाचं कौतुकही केलं. मला त्या सगळ्यांची किळस आली आणि मी ती बरीच वर्षं त्यांच्यावरच खर्च केली. ती माझ्या वाट्याची होती हे कळायला मॅनेजरचा फोन यावा लागला.

तरीही, हेही लिहितो, मी तो किस्सा लिहिला. नारळ, धार्मिक मेकॅनिक, तुटलेली तार, सगळं खुसखुशीत. मसुदा टेबलावर होता. मुलगी आता इथेच कॉलेजात आहे, सकाळी चहा घेताना तिनं पानं उचलली. ती कधी मराठीत उत्तर देत नाही. वाचून म्हणाली, "बाबा, दिस इज नॉट ट्रू. वी वेअर देअर. आय हेल्ड द लाइट फॉर यू."

"तू लहान होतीस," मी म्हणालो.

"यू रेड द नंबर आउट लाउड," ती म्हणाली आणि कप घेऊन तिच्या खोलीत गेली. बायको ओट्याशी उभी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिकलेल्या माणसाला लाज जरा कमीच असते, नाही का."

त्याच दिवशी मी पान फाडलं आणि खरं होतं ते लिहिलं, माझ्या शिऱ्यासकट. पाठवलं. तासाभरात मॅनेजरचा फोन. आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा. "सर, ये कौन पढ़ेगा? ओनर आज भी स्पॉन्सर है. छोड़ो, पूरा किस्सा ही निकाल देते हैं. खलास." आणि किस्सा निघाला. पुस्तिकेत त्या मोसमाला आता एक फोटो आहे. मालक कप धरून उभा आहे आणि मागे मी, केशरी डगल्यात, टाळ्या वाजवतोय.

पुस्तिकेत नाही तर नाही, निदान मिस्त्रीला सांगावं, असं मनात आलं. त्याचा नंबर माझ्याकडे होता. दर दिवाळीला त्याचा मेसेज यायचा, पणत्यांचं चित्र, आणि मी दर दिवाळीला त्याला नुसता अंगठा पाठवायचो. फोन लावला. त्याला फार आनंद झाला. मिरजेजवळ त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली चार माणसं आहेत. मी विचारलं, "दसऱ्याला पूजा करता की नाही गॅरेजात?"

"न्हाई साहेब. तवापासनं दसऱ्याला शटर बंद असतंय माझं. मानसं म्हनत्यात करूया, मी न्हाई म्हनतो. माझ्या हातानं एकदा वाटोळं झालंय."

"तुमच्या हातानं काही झालं नव्हतं, मिस्त्री. तुम्ही नारळ फोडत होता तेव्हा मी सील तपासलं होतं. तार शाबूत होती. नंतर कोणीतरी पकडीनं कापली."

पलीकडे मागे कुठेतरी हवा भरायचं मशीन चालू होतं. "तुमाला तवाच म्हाईत होतं?"

"हो."

"मग मी तुमाला म्हनलं, तुमीच सांगा. तवा तुमी विंग्रजीत काय सांगितलं त्यांना?"

मी त्याला सांगितलं. एकच वाक्य होतं, त्याचं मराठी करून सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

मी त्याच्या शिव्यांची वाट बघत होतो, त्या मला हव्या होत्या. मशीन बंद झालं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मी हितं समद्यांना सांगितलंय साहेब, तिथं आपला एक मानूस हुता, त्यो माझ्यासाठी लई भांडला म्हनून. आई मरस्तोवर तुमचं नाव घेत हुती."

मी फोन कानाला धरून बसलो होतो. चौकशीच्या खोलीतही मी असाच बसलो होतो.

"आता काय सांगू त्यांना?" त्यानं विचारलं.