हंडा टेकवायचा दगड

धुळ्याच्या कचेरीत तार आली तेव्हा मला वाटलं, नाना गेले. नाना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ब्लडप्रेशर त्यांना, गोळ्या त्यांच्या, काळजीही साऱ्यांना त्यांचीच. तारेत नाव अक्काचं होतं. मी ती दोनदा वाचली... त्याला आता दीड महिना झाला.

अमळनेरजवळच्या आमच्या गावातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई लवकर गेली. मला वाढवलं अक्कानं, शिकायला लावलं तेही तिनंच. तिचं सासर गावातच. विहिरीवरून पाणी आणताना गेली काही वर्षं ती निम्म्या वाटेवर एका चपट्या दगडावर हंडा टेकवायची आणि शेजारच्या ओट्यावरच्या बायकांशी बोलत उभी राहायची. नाना घरातून म्हणायचे, "पानी लेवाले गयथी का गप्पा माराले?" ती तिथूनच उत्तर द्यायची, "मंग तुम्हीच या ना हंडा लेवाले." आम्ही हसायचो.

गावात प्रेशर मोजायची सोय नव्हती. दर महिन्याला नानांना घेऊन ती एसटीनं धुळ्याला यायची आणि मी तासाभराची सुट्टी काढून दवाखान्यात जायचो. डॉक्टर पुण्याकडचे, त्यांना अहिराणी कळत नसे. मी शुद्ध मराठीत सगळं सांगायचो आणि त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. बाकावर पुरुष बसायचे. सोबत आलेल्या बायका पिशव्या धरून भिंतीपाशी उभ्या. अक्का विचारायची ते नानांचंच, पापड चालेल का, लोणचं चालेल का. घरी त्यांची डाळ वेगळ्या पातेल्यात, बिनमिठाची शिजायची.

एकदा नानांच्या दंडावरची पट्टी सोडताना डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "बाईंना काही त्रास?"

अक्का हसली. "माले काय व्हयेल शे? हंडा उचलावर दम लागस, पन तो बठ्ठासलेच लागस."

हंडा उचलला की दम सगळ्यांनाच लागतो, हे मलाही पटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. परतीच्या एसटीची वेळ झाली होती. शिवाय परक्या पुरुषासमोर चोळीची तंग बाही वर सरकवायची... तो संकोच तिचा होता की माझा, आता सांगता येत नाही. मी म्हणालो, "नाही डॉक्टर, तिला काही नाही." आणि अक्का माझ्याकडे कौतुकानं बघत होती, आपला भाऊ डॉक्टरशी कसा बोलतो म्हणून.

ती गेली सकाळी, चुलीपाशी. नानांची डाळ चढवलेली होती. पुढे मी डॉक्टरांना भेटलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "दम कधीपासून लागत होता?" मी पदवीधर माणूस, पण ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

तेराव्याला पाणी कमी पडलं म्हणून मी तिचाच हंडा घेऊन विहिरीवर गेलो. भरलेला हंडा खांद्यावर घेऊन निम्म्या वाटेपर्यंत आलो आणि टेकवावा लागला. ओट्यावर त्या वेळी कुणीच नव्हतं. दगडावर एक गोल झिजलेली खूण होती. हंडा तिच्यात न डगमगता बसला.