गाणं पुरं होईस्तोवर

आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. लातुरात एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. या शहरात एका मार्कानं पोराचं आयुष्य फिरतं, त्यामुळं आम्हाला पगार मिळतो तो चुका शोधायचाच. रविवारी पेपर तपासून तपासून वीट आला, म्हणून घराजवळच्या हॉलमध्ये स्विंग डान्स शिकायला गेले. दुसरं काही कारण नव्हतं.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा लहान, पुण्याहून परत आलेल्या. हा अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा जुना नाच, जोडीनं करायचा, हात धरून एकमेकांना झोका द्यायचा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. हात कुणाचाही धरावा लागेल हे ऐकल्यावर दोन पोरं चहा पिऊन येतो म्हणाली. ती अजून चहाच पीत असतील. राहिलो आम्ही बायका. मी उंच, म्हणून पुरुषाची बाजू माझ्याकडं आली. जोडीला मुरुडच्या काकू; अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून येणाऱ्या.

काकूंना ताल सापडायचा नाही. पाय मागं टाकायचा तिथं पुढं टाकायच्या, गिरकी घेताना उलट्या बाजूनं फिरून माझ्याच अंगावर यायच्या आणि हसत सुटायच्या. मी थांबून चूक सांगायची. तोवर गाणं पुढं निघून जायचं. एकदा त्या म्हणाल्या, "तू तपासत बसलीस की गाणं जातंय बघ. मला मार्क न्हाई पायजेत. एक गाणं पयल्यापासून शेवटपर्यंत न थांबता नाचायचंय, चुकत का हुईना. पोरगा मला नांदेडला न्यायलाय. तिथं कोण नाचवतंय?"

त्यानंतर मी थांबणं सोडलं. तरी गाणं काही पुरं होईना. कधी काकूंना दम लागायचा, कधी गुडघा धरायचा, कधी लाइट जायची.

तेवढ्यात हॉलच्या मालकांनी तिथं अभ्यासिका काढली. त्यांना तरी काय म्हणायचं? लातुरात नाचापेक्षा अभ्यासाला भाडं जास्त. दर रविवारी गेलं की प्लायवुडच्या केबिनची आणखी एक रांग उभी असायची आणि आमची फरशी तेवढी कमी झालेली असायची. बायकाही गळत गेल्या. शेवटी मॅडम, काकू आणि मी उरलो, आणि दोन रांगांच्या मधली एक पट्टी. हा नाच अशा पट्टीतही पुढं-मागं करता येतो, असं मॅडम म्हणाल्या. खरंच येत होता. फक्त गिरकीला काकूंचं कोपर प्लायवुडवर आपटायचं.

शेवटच्या रविवारी केबिनमध्ये पोरं बसली होती. मॅडमनी आवाज बारीक करून गाणं लावलं. काकू सगळं चुकत होत्या, पण थांबत नव्हत्या. अर्ध्यात एका केबिनमधून एक मुलगी बाहेर आली. माझीच विद्यार्थिनी. तिनं माझ्याकडं पाहिलं, काकूंच्या हातातल्या माझ्या हाताकडं पाहिलं, आणि मान खाली घातली.

"मॅडम, तेवढं बंद करता का? उद्या तुमचीच टेस्ट हाय."

नाचाच्या मॅडमनी स्पीकर बंद केला. काकूंनी हात सोडला नाही. चालू दे, असं नुसत्या ओठांनी म्हणाल्या. चपला काढलेल्याच होत्या. आम्ही तशाच नाचत राहिलो, पाय न वाजवता, मनातल्या मनात गाणं म्हणत. दोघींच्या मनातलं गाणं एकाच जागी होतं की नाही, देव जाणे. मग काकूंचा हात ढिला पडला आणि त्या केबिनला टेकून खाली बसल्या.

आता त्या पट्टीतही केबिन आहेत. मॅडम पुण्याला परत गेल्या. जाताना कुणी थांबवलं नाही, मीसुद्धा नाही. काकू नांदेडला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात. वरचा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळं खाली उतरणं बंद झालं. फोनवर तब्येत, ऊन, पाणी बोलून झालं की एकच विचारतात, "त्या दिशी गाणं पुरं झालतं का गं?"

मी तोंडावर बोलणारी बाई. पेपरात अर्धा मार्क कुणाला फुकट देत नाही. आवाजच नव्हता, तर कुठं संपलं हे मला तरी कसं कळावं?

"झालतं, काकू," म्हणते.

"बरं झालं," त्या म्हणतात. मग फोन ठेवतात.