अमायलेजचं कूळ

बाटली हातात देण्याआधी साळवे मामा तिच्यावरच्या नावाचं कूळ सांगत. नगरच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेत परिचर होते, शिक्षण दहावी. स्टाफरूमने रद्दीत काढलेला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश त्यांनी भिंगारला घरी नेला होता. रोज एक शब्द पाठ करून येत. "नुसतं नाव घिऊ नगा, ते आलं कुटून ते इचारा," हे त्यांचं पालुपद. आम्ही वैतागायचो, पण करता काय, बाटली त्यांच्या मुठीत!

मी राजूरची, मराठी शाळेतली. अकरावीत त्या इंग्रजी शब्दांनी मला पार घाम फोडला. लाळेतलं अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, स्टार्चला कसं फोडतं, हा प्रयोग होता. लवकर व्हावं म्हणून मी लाळच आधी उकळून घेतली. विकर मेलं, स्टार्च जसंच्या तसं राहिलं आणि आयोडीन टाकताच नळी निळीकाळी. सर सगळ्यांदेखत हसले. दुसऱ्या दिवशी मी विज्ञान सोडण्याचा अर्ज लिहिला आणि ऑफिसात पोचवायला मामांकडे दिला.

त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला.

"तुमच्याकडं कुरडया करत्यात का गं?"

"करतो की."

"गहू दळून आनता?"

"छे! तीन दिवस भिजवायचे, चेचायचे, मग चीक काढायचा."

"मंग? ग्रीक लोकं बी जात्याबिगर तसाच काढायची. म्हनून त्याला अमायलॉन म्हनायची, म्हंजी जात्यात न दळल्यालं. तेच तुजं स्टार्च. त्याला फोडनारं ते अमायलेज. मागचं 'एज' हे आडनाव. आदी डायस्टेज नावाचं विकर सापडलं, त्याचं आडनाव बाकीच्यांनी लावलं. पोरी, ह्यो माल तू घरी हातानं काढतीस, आन नावाला भितीस व्हय? बोल, देऊ का अर्ज?"

मी अर्ज परत घेतला. पुढची दोन वर्षं प्रॅक्टिकल संपलं की अर्धा तास मामांपाशी बसायचे. आज मी जीवशास्त्र शिकवते, ते त्या अर्ध्या तासांच्या जोरावर. हे ऋण फिटायचं नाही, आणि मला फेडायचंही नाही.

गेल्या वर्षी मामा गेले. भिंगारला पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांच्या मुलाने माझी ओळख करून दिली, "बाबांच्या कॉलेजात शिकलेल्या प्राध्यापक मॅडम." बोलायचं खूप ठरवलं होतं. माइक हातात आला, मी उभी राहिले.

"मी साळवे सरांची विद्यार्थिनी," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.