बोंडाच्या पिना

आमच्या घरी सुऱ्या तयार होतात असं सांगितलं की लोकांना आधी हसू येतं. माझे मिस्टर जालन्यात एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला आहेत. सुट्टीच्या दिवशी मागच्या पत्र्याच्या शेडात ते पाती घासतात, लाकडाच्या मुठी बसवतात. मुठीची दोन्ही लाकडं आणि मधलं पातं एकत्र धरून ठेवायला आरपार पिन लागते. ती पिन माझ्याकडे. पेन्सिलीएवढी पितळेची नळी घ्यायची, तिच्यात तांब्याच्या, पितळेच्या, स्टीलच्या बारीक तारा नक्षी साधेल अशा दाटून भरायच्या आणि वरून काळा रंग घातलेलं इपॉक्सी ओतायचं. ते दगडासारखं घट्ट झालं की नळीचे तुकडे कापायचे, तोंडं पॉलिश पेपरवर घासायची. मग मुठीवर चिमुकलं फूल दिसतं. मला तेवढं एकच फूल येत होतं.

अक्का, माझी थोरली बहीण, आमच्याकडे आली ती आजारपणामुळे. गर्भाशयाचा कॅन्सर. केमोसाठी औरंगाबादला जावं लागायचं आणि तिच्या गावाहून, धावड्याहून, एवढी ये-जा तिला झेपली नसती. आई गेली तेव्हा मी लहान होते. माझ्या वेण्या अक्कानंच घातल्या, लग्नात आईच्या जागी तीच उभी राहिली. त्यामुळे ती माझ्या घरी राहायला आली याचा, खोटं कशाला सांगू, मला आनंदही झाला होता.

केमो झाली की काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मग उठायची आणि घरात काम शोधायची. मी तिला हात लावू द्यायची नाही. एका दुपारी मी तारा भरत होते, तर शेजारी येऊन बसली.

"काय करून राह्यली गं? लेकराच्या खेळण्यावानी दिसतंय."

मी दाखवलं. तिनं नळी माझ्या हातातून काढूनच घेतली. जन्मभर कापूस वेचलेली तिची बोटं. माझ्याकडून वाकायच्या त्या तारा तिच्या हातून गुमान जागेवर जायच्या. दोन-तीन नळ्या झाल्यावर म्हणाली, "सारखं फूलच काय करायचं? बोंड करू."

स्टीलच्या तारांचे चार झुबके आणि त्यांच्या मधून तांब्याच्या रेघा. नळी कापून घासली तर खरंच उकललेलं बोंड. मिस्टरांनी तो तुकडा दिव्याखाली धरून फिरवून फिरवून पाहिला. "अक्का, याचा फोटो टाकतो मी इंटरनेटवर."

"टाका पाव्हणे. माझा नका टाकू फक्त. डोक्यावर केस न्हाईत."

त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

तसल्या पिनांना मागणी येऊ लागली आणि नेमकी तेव्हाच तिची बोटं बधिर व्हायला लागली. आधी मुंग्या यायच्या. मग तार हातातून निसटायची आणि तिला कळायचंही नाही. चिमूट तशीच धरून ती नळीत भरायला जायची, चिमटीत काहीच नसायचं. "औषधानं होतं असं," डॉक्टर म्हणाले, "हळूहळू जाईल." एकदा तिनं चहाचा पेला धरला आणि बोटं लाल झाली तरी सोडला नाही. मी ओरडले तेव्हा तिनं हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं.

"तू भर," मग ती म्हणाली, "मी सांगते." मी भरायला बसले. ती उशीला टेकून बघायची. "तसं न्हाई गं. दाब थोडी. आगं मोडशीन ना!" वेणी घालताना मान हलवली की जशी रागवायची तशीच रागवायची. मला हसू यायचं. मग तार उचलायचं निमित्त करून मी खाली वाकायची, डोळे पुसायला.

केमोचा उपयोग झाला नाही. आजार पसरला होता. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. अक्काला ते कळलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मंग मला माझ्या घरी न्या. हितं न्हाई मरायचं मला, न्हाईतर तुला नंतर या खोलीत बसवणार न्हाई."

जायच्या आधी मिस्टरांनी तिच्या पिना घालून एक सुरी केली. मूठ बाभळीची. अक्कानं ती हातात घेतली, अंगठा मुठीवरून फिरवला. "लागत न्हाई काही," म्हणाली. मग मूठ ओठांशी नेली आणि पिनेला ओठ टेकवून तशीच बसली.

"गार हाय," ती म्हणाली. "आता लागली."

मिस्टर उठून शेडात गेले.

सुरी तिनं सुनेला दिली. धावड्याला गेल्यावर ती रोज फोन करायची, आज काय भरलं म्हणून विचारायची. आवाज बारीक होत गेला. पुढे भाचाच बोलायचा आणि फोन तिच्या कानाशी धरायचा. मी इकडून एकटीच बोलत राहायची, नळीत कोणती तार घातली ते सांगत. एका सकाळी भाचा म्हणाला, "मावशी, निघून या." आम्ही पोचलो तेव्हा तिला अंगणात आणलं होतं.

नंतर मी एकदा बोंड करून पाहिलं. तारा सरकल्या, झुबके एकमेकांत गेले. पुन्हा केलं नाही. आता फुलंच करते, ती विकली जातात.

दिवाळी जवळ आली की भाचा फोन करतो. "मावशी, ये ना. हे तुझंच माहेर हाय." येते म्हणते मी. अजून गेलेले नाही.