मायने दिलेली शेवटची सुई

माय गेली त्या दिवशी अण्णाही जाता जाता राहिले.

आज तिचा स्मृतिदिन. फोटोला हार घालून झाला, म्हणून हे लिहून टाकते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत लिंबायतला आमची खोली. अण्णा, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर कामाला.

त्यांना डायबिटीस. रोज सकाळी इन्सुलिनची सुई मायच द्यायची. अण्णांना स्वतःला टोचून घ्यायचा धीर नव्हता.

सुई दिली की थोड्या वेळात जेवण झालंच पाहिजे, हा तिचा कायदा. उशीर झाला आणि शुगर उतरली की अण्णांना घाम फुटायचा, हात थरथरायचे आणि ते उगाच वाद घालायचे.
माय आधी साखर द्यायची. भांडण नंतर उरकायची.

त्या सकाळी तिने सुई दिली. भाकरी थापल्या. पिठलं करायला घेतलं आणि छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून बसली.

डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

मामा वापीला कंपनीत. माहेरचं माणूस आल्याशिवाय उचलायचं नाही, म्हणून सगळे थांबले. मयत घरात असताना जेवणाचं नाव कोण काढणार?

सुई कुणाच्याच डोक्यात नव्हती.

दुपारकडे अण्णा तिरडीचे बांबू आणणाऱ्याशी भांडायला लागले. बांबू वाकडे आहेत म्हणे. शर्ट घामाने ओलाचिंब.

शेजारचे गुजराती काका मला म्हणाले, "रहेवा दो बेन, आघात लाग्यो छे."

सगळ्यांना पटलं. शॉक बसल्यावर माणूस असं करतोच.

मी अण्णांचे हात पाहिले. मग पाण्यात भरपूर साखर ढवळली.

"अण्णा, शुगर उतरलीय. हे प्या."

"मला काही झालं नाही. तिला अशी ठेवून मी तोंड चालवू?"

आत्या म्हणाली, "बाई, मयत उठेपर्यंत कुणी काही तोंडात घालत नसतं. थांब जरा."

मला आत्याचा भयंकर राग आला. रडायचं राहिलंच होतं, ते आणखी मागे पडलं.

"अण्णा, सकाळची सुई कुणी दिली?"

त्यांनी मायकडे मान वळवली.

"मायनं दिली. वर खायलाही तीच देणार होती. आता तुम्ही पडलात तर तिच्या हातच्या सुईनं गेलात असं होईल. चालेल तुम्हाला?"

अण्णांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि मायच्या शेजारी बसून संपवला.

हळूहळू घाम ओसरला. बोलणं ताळ्यावर आलं. पण नुसत्या साखरेच्या पाण्यावर भागत नाही, मागून पोटात अन्न जावं लागतं. मी भाकरी आणायला उठले, तर आत्याच दुधात कुस्करून घेऊन आली.

"खा दादा. वहिनीनंच केलीय."

अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा रडले ते जेवताना. रडत रडत सगळी भाकरी खाल्ली.

लोकांनी नंतर नावं ठेवली. बायको समोर निजलेली आणि हा जेवतोय.

ठेवू देत.

दुसऱ्या दिवसापासून सुई मी द्यायला लागले. अण्णा पुढे खूप वर्षं जगले.

माय, तुझ्या सुईनं त्यांना काही झालं नाही. तुला एवढंच कळवायचं होतं.

नमस्कार करते.